गजकर्णाची बुरशी औषधाला दाद देते का? माझ्या टेबलावरची चाचणी, पायरी-पायरीने

त्वचारोगतज्ज्ञांकडून येणाऱ्या फॉर्मवर हल्ली एक ओळ सारखी भेटते : ‘गोळ्या पूर्ण घेऊनही गजकर्ण परत. बुरशी औषधाला दाद देते का, पाहावे.’ ओळ लिहायला अर्धं मिनिट पुरतं. उत्तर द्यायला मला तीन ते पाच आठवडे लागतात, आणि त्यातले औषध बुरशीसमोर ठेवल्याचे दिवस जेमतेम चार. बाकीचा सगळा काळ बुरशी वाढवण्यात, निर्भेळ करण्यात, ओळखण्यात आणि तिचे कण, म्हणजे बीजासारखे कोनिडिया, मोजण्यात जातो. टेबलावर नवीन येणारी मुलं मात्र औषधांची डायल्यूशनं पाठ करून येतात आणि कण मोजायच्या काचेकडे ढुंकूनही बघत नाहीत. अकरा वर्षं याच टेबलावर काढल्यावर माझं मत असं झालंय, की घोडं पेंड खातं ते औषधापाशी नाही, त्याच्या आधी. म्हणून खाली मी तिथेच जास्त रेंगाळले आहे.

मी वापरते ती पद्धत सीएलएसआय या अमेरिकेतल्या प्रमाणक संस्थेची, एम३८ या दस्तऐवजातली ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन : प्लेटच्या छोट्या खळग्यांत, म्हणजे वेलमध्ये, निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या प्रमाणात औषध घ्यायचं आणि बुरशी कुठे वाढायची थांबते ते बघायचं. त्वचा, केस आणि नखं खाऊन जगणाऱ्या बुरशी, म्हणजे डर्मॅटोफाइट, तिच्यात २००८ च्या आवृत्तीत आल्या. तिसरी आवृत्ती २०१७ ची. युरोपातल्या युकास्ट या समितीची पद्धत वेगळी आहे. तिच्यात बुरशीचे कण साधारण शंभरपट जास्त टाकतात, तापमान कमी ठेवतात, वाढ डोळ्यांऐवजी यंत्राने मोजतात. दोन्ही पद्धती चांगल्या, पण एकीचे कण, दुसरीचं तापमान आणि तिसऱ्याच कुणाच्या शोधनिबंधातली मर्यादा अशी खिचडी केली तर हाती येणाऱ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. एक निवडा आणि तिलाच धरून राहा.

सॅम्पल घेण्याआधी एक फोन

औषध लागू पडलं नाही म्हणजे बुरशी प्रतिरोधी झाली, असं दर वेळी नसतं. मी सॅम्पल स्वीकारण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारते : स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावलं होतं का, गोळ्यांमध्ये खंड पडला का, आणि घरात आणखी कुणाच्या अंगावर चट्टे आहेत का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरी चाचणी करता येते, पण मग रिपोर्टमध्ये ‘बुरशी संवेदनशील’ आलं तर कुणाला धक्का बसायला नको. चौथा प्रश्न माझ्या सोयीचा : शेवटचं मलम कधी लावलं? काल रात्री लावलेलं मलम खरवडीबरोबर माझ्या टेस्टट्यूबमध्ये येतं आणि बुरशी उगवण्याआधीच मारतं. जमत असेल तर मलम दोनेक आठवडे थांबवून या, असं सांगते.

खरवड घेताना ७० टक्के अल्कोहोलने चट्टा पुसायचा, वाळू द्यायचा, आणि बोथट स्काल्पेलने कड खरवडायची. मधला भाग बरा झाल्यासारखा गुळगुळीत दिसतो तो खरंच बराचसा बरा झालेला असतो, जिवंत बुरशी लाल, उंच कडेला असते. पापुद्रे काळ्या कागदावर पाडायचे. पांढऱ्यावर दिसत नाहीत आणि मग माणूस ‘झालं पुरेसं’ म्हणून थांबतो. कागदाची पुडी बांधून कोरडीच पाठवायची. घट्ट झाकणाच्या डबीत ओलावा धरतो, जिवाणू माजतात आणि बुरशी मागे पडते.

निम्मी खरवड १० ते २० टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) घालून सूक्ष्मदर्शकाखाली, निम्मी कल्चरला. केओएचमध्ये धागे दिसले आणि कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, असं बऱ्याचदा होतं. बुरशी आहे पण मेलेली किंवा अर्धमेली आहे. अशा वेळी संवेदनशीलता चाचणी होत नाही, तसं सरळ कळवावं आणि पुन्हा सॅम्पल मागावं.

कल्चर आणि ओळख

सॅबूरो अगार या बुरशी वाढवायच्या माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल आणि सायक्लोहेक्झिमाइड घातलेलं असावं. पहिलं जिवाणूंना रोखतं, दुसरं हवेतून पडणाऱ्या भुरट्या बुरशींना. मी दोन ट्यूब लावते, २८ ते ३० अंशांवर ठेवते आणि चार आठवडे फेकत नाही. काही प्रजाती पाचव्या-सहाव्या दिवशीच पांढरी पिठूळ वर्तुळं दाखवतात, काही तिसऱ्या आठवड्यात जाग्या होतात. उगवलेल्या वसाहतीच्या कडेवरून थोडंसं उचलून नव्या प्लेटवर एकदा निर्भेळ करून घ्या. निर्भेळ न करता पुढे गेलात तर चौथ्या दिवशी प्लेटवर जे वाढलेलं दिसेल ते कुणाचं, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

ओळखीचं काम इथे थोडक्यात सांगते, कारण त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. ट्रायकोफायटन रुब्रमचे मायक्रोकोनिडिया, म्हणजे बारीक कण, अश्रूच्या थेंबासारखे, धाग्याच्या दोन्ही बाजूंना सुटे सुटे बसलेले, आणि वसाहतीची पाठ बहुधा गडद लाल. मेंटाग्रोफायटिस आणि इंटरडिजिटेल या गटाचे गोल, द्राक्षाच्या घडासारखे लटकलेले, सोबत स्प्रिंगसारखे वळलेले धागे. पण ट्रायकोफायटन इंडोटिनी ही प्रजाती, जिला हे नाव २०२० मध्ये मिळालं आणि जी त्याआधी मेंटाग्रोफायटिसचा जनुकप्रकार ८ म्हणून ओळखली जायची, ती दिसण्यावरून आपल्या भावंडांपासून वेगळी काढता येत नाही. तिच्यासाठी डीएनएच्या आयटीएस या भागाचं सिक्वेन्सिंग करावं लागतं. सोय नसेल तर ‘मेंटाग्रोफायटिस-इंटरडिजिटेल गट’ एवढंच लिहा. अंदाजाने इंडोटिनी लिहू नका, भले टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाचा आकडा, म्हणजे वाढ थांबवायला लागणारं प्रमाण, कितीही वर आलेला असो. टर्बिनाफिनला न जुमानणारी ट्रायकोफायटन रुब्रम २००३ मध्येच नोंदली गेली आहे. प्रतिरोध ही एकाच प्रजातीची मिरास नाही.

एपिडर्मोफायटन फ्लोकोसमला मायक्रोकोनिडिया नसतातच. ट्रायकोफायटन व्हायोलेसियमही सहसा कण धरत नाही. पुढची सगळी पद्धत कणांवर उभी आहे, त्यामुळे या दोघींसाठी मी ठरलेल्या पद्धतीने चाचणी झाल्याचा दावा करत नाही.

कण मोजणं

आता मुद्द्याचं. प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये, सगळं मिसळून झाल्यावर, एका मिलिलिटरमागे १,००० ते ३,००० जिवंत कण असावे लागतात. कमी पडले तर बुरशी नुसत्या विरळपणामुळे संवेदनशील भासते. जास्त झाले तर औषध पुरत नाही आणि चांगली बुरशी प्रतिरोधी दिसते.

सॅबूरोवर रुब्रम कण द्यायला कंजूष असते. तिला ओटमील अगारवर ३० अंशांवर चार-पाच दिवस ठेवलं की पृष्ठभागावर बारीक पूड धरते. बटाटा-डेक्स्ट्रोज अगारवरही बऱ्याच प्रजाती कण देतात. वसाहत नुसतीच कापसासारखी पांढरीशुभ्र, फुगलेली दिसत असेल तर बहुधा ती वारंवार उतरवून थकलेली आहे. तिच्यात धागेच धागे, कण नाहीत. जुन्या साठ्यातून नवीन ट्यूब काढा.

अगारवर तीन-चार मिलिलिटर निर्जंतुक सलाइन ओता, त्यात ट्वीन २० चा किंचित अंश असू द्या. नाहीतर कण पाण्यावर तरंगत बसतात, भिजत नाहीत. ओल्या कापसाच्या काडीने पृष्ठभाग हलकेच चोळा. खरवडू नका, अगार उचकटून आला की त्याचे तुकडे पुढे कण म्हणून मोजले जातात. दुधट झालेलं पाणी ट्यूबमध्ये घेऊन व्होर्टेक्सवर फिरवा आणि पाच ते दहा मिनिटं उभं ठेवा. धाग्यांचे जड पुंजके तळाशी जातात. वरचं पाणी दुसऱ्या ट्यूबमध्ये काढा आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शंभर कणांत पाच-सहांहून जास्त धाग्यांचे तुकडे दिसले तर मी गाळणी वापरते. धाग्याचा एक तुकडा मोजताना एक दिसतो, पण त्यात चार-पाच पेशी असतात आणि तो प्रत्येक टोकाकडून वाढतो. एमआयसी, म्हणजे वाढ दाबायला लागणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण, वर ढकलायला असे थोडे तुकडे पुरतात.

आता मोजायची काच, न्यूबाउअर चेंबर. परवाचंच उदाहरण देते. रुब्रमचं दुधट पाणी, मधल्या एक चौरस मिलिमीटरच्या मोठ्या चौकोनात मोजले ८४ कण. वरच्या आणि डाव्या रेघेवर बसलेले धरले, खालच्या आणि उजव्या रेघेवरचे सोडले. काचेची खोली ०.१ मिलिमीटर असल्यामुळे ८४ ला १०,००० ने गुणायचं : एका मिलिलिटरमध्ये ८,४०,००० कण. वेलमध्ये निम्मी जागा औषध घेणार, म्हणून माझं तयार द्रावण अंतिम संख्येच्या दुप्पट हवं. मी मधलं ४,००० धरते, म्हणजे वेलमध्ये २,००० होतील. ८,४०,००० भागिले ४,००० म्हणजे २१० पट पातळ. आधी १० पट : १ मिलिलिटर मूळ पाणी आणि ९ मिलिलिटर आरपीएमआय, म्हणजे चाचणीचं द्रव माध्यम. मग २१ पट : त्यातलं अर्धा मिलिलिटर आणि १० मिलिलिटर आरपीएमआय. झालं.

झालं म्हणायचं, पण काच मेलेले आणि जिवंत कण वेगळे दाखवत नाही. म्हणून तयार द्रावण आणखी १० पट पातळ करून त्यातलं १०० मायक्रोलिटर सॅबूरो प्लेटवर पसरते. हिशेबाने ४० वसाहती यायला हव्यात. त्या रुब्रमच्या आल्या ३१, म्हणजे वेलमध्ये प्रत्यक्षात १,५५० जिवंत कण होते. चालतं. १० आल्या असत्या तर ५०० कण झाले असते, आणि औषधाच्या प्लेटवर कितीही स्वच्छ निकाल आला असता तरी मी ती प्लेट रद्द करून पुन्हा लावली असती. ही वसाहतींची प्लेट नवीन मुलं सर्रास गाळतात, कारण तिचा निकाल काही दिवसांनी येतो. येऊ दे. औषधाच्या प्लेटलाही चार दिवस लागतातच.

औषध

बाजारातली गोळी कुटून स्टॉक, म्हणजे औषधाचं मूळ तीव्र द्रावण, करू नका. तिच्यात स्टार्च आणि इतर भरताड असतं. प्रमाणित शुद्ध पावडरच घ्या आणि तिच्या सोबतच्या कागदावरची पोटन्सी वाचा. टर्बिनाफिन बहुधा हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात येतं. शुद्ध असलं तरी त्यातलं मूळ औषध १ मिलिग्रॅममागे साधारण ८८९ मायक्रोग्रॅम, बाकी क्षाराचं वजन. नेमकं १८.० मिलिग्रॅम मोजत तराजूपाशी ताटकळण्यापेक्षा मी जे वजन येईल ते घेते आणि द्रव त्याप्रमाणे ठरवते. समजा १९.२ मिलिग्रॅम आलं : १९.२ गुणिले ८८९ भागिले १,६०० म्हणजे १०.६७ मिलिलिटर डीएमएसओ हा द्रावक. स्टॉक तयार, १ मिलिलिटरला १,६०० मायक्रोग्रॅम. इट्राकोनॅझोल, ग्रिसिओफुल्विन यांनाही डीएमएसओ लागतं. फ्लुकोनॅझोल पाण्यात विरघळतं.

स्टॉकच्या छोट्या छोट्या ट्यूब करून उणे ७० अंशांवर ठेवा. एक ट्यूब एकदाच वितळवायची, उरलेलं फेकायचं. फेकताना जीव तुटतो, पण फेकायचंच.

टर्बिनाफिनसाठी ठरलेली श्रेणी ०.५ पासून निम्मी-निम्मी होत ०.००१ मायक्रोग्रॅमपर्यंत जाते : ०.५, ०.२५, ०.१२५, ०.०६, ०.०३, ०.०१६, ०.००८, ०.००४, ०.००२, ०.००१. बरोबर दहा वेल. स्टॉक ३२ पट पातळ करून ५० मायक्रोग्रॅमचं पहिलं द्रावण करा आणि निम्मं करत जाणं डीएमएसओमध्येच करा. मगच प्रत्येक पायरीतून आरपीएमआयमध्ये ५० पट. ही उलटापालट करून थेट आरपीएमआयमध्ये निम्मं करत गेलात तर न विरघळणारी औषधं ट्यूबच्या भिंतीला चिकटतात. इट्राकोनॅझोल तर सुया-सुयांसारखं खाली बसतं आणि चौथ्या दिवशी तोच गाळ ‘वाढ’ म्हणून वाचला जातो. शेवटी वेलमध्ये डीएमएसओ १ टक्का राहतं. वाढीच्या कंट्रोलमध्येही, म्हणजे औषधाशिवायच्या बुरशीच्या वेलमध्येही, तितकंच घाला.

०.५ वर थांबणारी श्रेणी प्रतिरोधी बुरशीसाठी तोकडी पडते, हे मात्र खरं. पहिल्या प्लेटवर ‘०.५ पेक्षा जास्त’ आलं तर मी १६ पर्यंतची दुसरी प्लेट लावते. डॉक्टरांना ‘जास्त’ म्हणजे किती ते हवं असतं, आणि मलाही.

माध्यमाबद्दल एकच : आरपीएमआय १६४० ग्लुटामाइनसह, बायकार्बोनेटशिवाय, लिटरला १०.४ ग्रॅम. पीएच स्थिर ठेवणारं एमओपीएस ३४.५३ ग्रॅम. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.० वर आणायचा आणि माध्यम गाळून निर्जंतुक करायचं, ऑटोक्लेव्ह नाही.

तीन वेलचं अंतर

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी, वेगळ्या प्रयोगशाळेत असताना, एका आठवड्यात आठ रुग्णांच्या बुरशी लावल्या आणि नेहमी ०.००८ च्या आसपास येणारा टर्बिनाफिनचा आकडा बहुतेकांत ०.०६ आला. उत्साहाच्या भरात मी एका डॉक्टरांना फोनही केला, ‘काहीतरी बदलतंय’ म्हणून. कंट्रोलची, म्हणजे जिचा आकडा आधीच ठरलेला असतो त्या प्रमाणित बुरशीची, ओळ मी वाचली ती त्यानंतर. एटीसीसी या अमेरिकेतल्या संग्रहातली एमवायए-४४३९ क्रमांकाची ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिस टर्बिनाफिनला ०.००२ ते ०.००८ या पट्ट्यात यायला हवी. ती आली होती ०.०३ वर. कंट्रोलसुद्धा वर, रुग्णांचेही वर, आणि सगळे सारखेच तीन वेल वर.

तीन वेल वर म्हणजे आठपट. दहापटीची चूक मोजपट्टीवर तीन-साडेतीन वेलचीच दिसते. तेवढ्यावरून फ्रीजर उघडला. १,६०० ची ट्यूब आणि मी कुठल्याशा जुन्या कामासाठी केलेली १६० ची ट्यूब, दोन्ही निळ्या झाकणाच्या, १६० वाली स्टॉकच्या खाचेत. ठेवणारी मीच. फोन करून शब्द मागे घ्यावा लागला. तेव्हापासून माझ्या स्टॉकची झाकणं लाल असतात आणि कंट्रोलची ओळ मी सगळ्यांत आधी वाचते. ती पट्ट्याबाहेर असेल तर बाकीची प्लेट बघतसुद्धा नाही. बघितली की मोह होतो.

अशा सरकण्याची दिशा बरंच काही सांगते. सगळं ठरावीक वेलनी वर : स्टॉक पातळ झालाय किंवा मेलाय. सगळं खाली : कण कमी पडलेत किंवा स्टॉक तीव्र आहे. फक्त कडेच्या ओळींत गडबड : पाणी उडालंय. कंट्रोल जागेवर आणि एखाद्याच रुग्णाची बुरशी वर : आता कुठे उत्साहित व्हायला हरकत नाही.

प्लेट लावणं आणि वाचणं

९६ वेलची, गोल किंवा सपाट तळाची प्लेट. एक ते दहा स्तंभांत औषध १०० मायक्रोलिटर, तीव्रतेपासून सौम्याकडे. अकराव्यात औषधाशिवाय बुरशी, म्हणजे वाढीचा कंट्रोल. बारावा स्तंभ नुसत्या माध्यमाचा. मग एक ते अकरामध्ये कणांचं द्रावण १०० मायक्रोलिटर. ते भरताना ट्यूब मधूनमधून हलवत राहा, कण खाली बसतात आणि शेवटच्या प्लेटला पाणीच जातं. हे सगळं दुसऱ्या श्रेणीच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, हातमोजे घालून. ही बुरशी ज्या कातडीवर पडते तिथे रुजते, मग ती कातडी टेक्निशियनची का असेना.

प्लेट झाकून, खाली ओला टिश्यू ठेवलेल्या डब्यात, ३५ अंशांवर चार दिवस. टिश्यू विसरलात तर कडेच्या वेलमधलं पाणी दुसऱ्या दिवसापासून उतरायला लागतं आणि औषध आपोआप तीव्र होत जातं.

चौथ्या दिवशी प्लेट काढली की हलवू नका. आधी अकरावा स्तंभ. तिथे तळाशी दाट, गोलसर, कडा पिसारलेली चकती दिसायला हवी. विरळ असेल तर मी आणखी एक दिवस ठेवते आणि तशी नोंद करते. पाचव्या दिवशीही विरळच राहिली तर चाचणी बाद. बारावा स्तंभ काचेसारखा स्वच्छ हवा. तिथे एकसारखं धूसर दिसलं तर जिवाणू शिरलेत. बुरशी कधीच अशी सारखी पसरलेली धूसर दिसत नाही, ती गोळा करून बसते.

मग प्लेट वाचनाच्या आरशावर ठेवून खालून बघायचं. कंट्रोलच्या तुलनेत ८० टक्के वाढ दबलेला पहिला वेल, म्हणजे मूळ चकतीचा जेमतेम पाचवा भाग उरलेला, तो तुमची एमआयसी. टर्बिनाफिनमध्ये हे सोपं असतं : एका वेलमध्ये चकती, शेजारच्यात काहीच नाही, कुणी चाकूने कापल्यासारखं. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल अशा ॲझोल औषधांमध्ये तसं नसतं. चकती बारीक होते, मग ठिपका, मग त्याहून बारीक ठिपका, आणि तो ठिपका आठ वेल पुढेपर्यंत पाठ सोडत नाही. नवखी व्यक्ती शेवटचा ठिपका नाहीसा होईपर्यंत पुढे जाते आणि चांगल्या बुरशीला प्रतिरोधी ठरवते. मी सुरुवातीला दोघींनी वेगवेगळं वाचायचा नियम केला होता. एका प्लेटवर इट्राकोनॅझोलचा माझा आकडा ०.०६ आणि सहकारी मुलीचा ०.५. दोघी भांडलो, मग वाढीच्या कंट्रोलचा फोटो काढून त्याचा पाचवा भाग कागदावर रंगवून शेजारी ठेवला. दुसऱ्यांदा वाचल्यावर ०.०६ आणि ०.१२५. एका वेलचा फरक हा फरक नव्हे. सगळ्या ब्रॉथ डायल्यूशन चाचण्यांमध्ये तेवढं मागेपुढे चालतंच.

आकड्याचं करायचं काय

डर्मॅटोफाइटसाठी ‘या आकड्याच्या खाली रुग्ण बरा होईल, वर होणार नाही’ अशी उपचाराशी जोडलेली मर्यादा ना सीएलएसआयने दिली आहे, ना युकास्टने. आहे ती नैसर्गिक, कुठलाही बदल न झालेल्या बुरशीची वरची मर्यादा. युकास्टच्या पद्धतीत टर्बिनाफिनसाठी ती रुब्रमला ०.०३ आणि इंडोटिनीला ०.१२५, दोन्ही तात्पुरत्या. माझा आकडा सीएलएसआयचा असल्यामुळे ती मर्यादा मी तशीच उचलून लावत नाही. पण नैसर्गिक रुब्रम ०.०१६ च्या आसपास किंवा खाली आणि समोरची १ च्या वर असेल, तर अंतर इतकं मोठं असतं की पद्धतीतल्या फरकाची सबब पुरत नाही.

अशा वेळी मी ती बुरशी स्क्वालीन इपॉक्सिडेज जनुकाच्या सिक्वेन्सिंगला पाठवते. टर्बिनाफिन याच एन्झाइमला अडवतं. त्याच्या साखळीतल्या ३९३ व्या जागेवरचं ल्युसिन किंवा ३९७ व्या जागेवरचं फिनाइलॲलनिन बदललं की औषधाला धरायला जागा राहत नाही. बदल सापडला आणि एमआयसीही वर असेल, तर दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं. एमआयसी वर पण जनुक नेहमीचं असेल तर मी आधी स्वतःवर संशय घेते आणि कण मोजण्यापासून पुन्हा सुरुवात करते.

फ्लुकोनॅझोलचा आकडा डर्मॅटोफाइटमध्ये मुळातच मोठा असतो. त्यामुळे टर्बिनाफिन ०.०१६ आणि फ्लुकोनॅझोल १६ असे दोन आकडे शेजारी बघून ‘टर्बिनाफिन हजारपट बरं’ असा अर्थ काढू नये. प्रत्येक औषध रक्तात आणि कातडीत वेगळ्या प्रमाणात पोचतं. औषधं एकमेकांशी ताडून बघायला एमआयसी उपयोगी नाही, एकाच औषधापुढे दोन बुरशी ताडायला आहे. डॉक्टरांशी सर्वांत जास्त वेळ मी यावरच बोलते.

रिपोर्टमध्ये माझ्या ओळी अशा असतात : प्रजाती आणि ती कशावरून ओळखली. पद्धत, आवृत्तीसकट. प्रत्येक औषधाचा आकडा मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. वाचनाचा दिवस. कंट्रोल बुरशी पट्ट्यात होती की नाही. ‘एस’ (संवेदनशील) आणि ‘आर’ (प्रतिरोधी) ही अक्षरं मी डर्मॅटोफाइटसाठी छापत नाही, कितीही आग्रह झाला तरी. त्याऐवजी एक वाक्य : ‘टर्बिनाफिनचा आकडा या प्रजातीच्या नैसर्गिक पट्ट्यापेक्षा बराच वर आहे’ किंवा ‘नैसर्गिक पट्ट्यात आहे, उपचार लागू न पडण्याची इतर कारणं पाहावीत.’

रिपोर्ट गेला तरी बुरशी फेकू नका. मी प्रत्येक रुग्णाच्या बुरशीचे कण दोन प्रकारे ठेवते : ग्लिसरॉल घालून उणे ७० वर, आणि शिवाय साध्या निर्जंतुक पाण्यात, घट्ट झाकणाच्या बाटलीत, खोलीच्या तापमानाला. पाण्यातली पद्धत कॅस्टेलानी यांनी १९३९ मध्ये सांगितलेली, आणि फ्रीजर बंद पडला तेव्हा तीच माझ्या कामी आली. बाटलीवर रुग्णाचं नाव नाही, फक्त क्रमांक, तारीख आणि टर्बिनाफिनचा आकडा. सहा-आठ महिन्यांनी त्याच फॉर्मवर तीच ओळ पुन्हा आली, की जुनी बाटली आणि नवी खरवड एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, वरच्या आणि खालच्या ओळीत लावायची.